कॅसेटमध्ये उरलेली सूरपेटी

एखादं सर्किट पाण्यात गेलं, त्याची आकृती काढलेली वही गेली, ते जोडणारा माणूसही राहिला नाही, तरी त्या सर्किटचा आवाज कुठे ध्वनिमुद्रित झालेला असेल तर त्यावरून ते बरंचसं परत मांडता येतं. आवाजात सूर असतो तसा तो सूर कसा तयार झाला याचा ठसाही असतो. कंपनं तयार करणारे ऑसिलेटर किती होते, त्या कंपनांचा भागाकार कितीने केला होता, कोणती आयसी, म्हणजे चिप, वापरली असावी, वीज बॅटरीची होती की भिंतीतल्या प्लगची, हे सगळं त्या ठशात वाचता येतं.

आमच्या घरची इलेक्ट्रॉनिक सूरपेटी बाबांनी आणि मी मिळून बनवली, तेव्हा चेन्नईचं नाव मद्रास होतं आणि मी शाळेत होतो. आई शास्त्रीय गाते. २०१५च्या नोव्हेंबरात चेन्नईत एक हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत अड्यार नदी काठ सोडून वस्तीत शिरली. सैदापेटच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत जे काही होतं ते गेलं. त्यात ती पेटी होती आणि बाबांची सर्किटची वहीही. बाबा त्याआधीच गेले होते. उरली ती एक कॅसेट. १९९०च्या सुमारास आईने सांगलीच्या मावशीला आपलं गाणं टेप करून पाठवलं होतं. त्यात तिच्या आवाजामागे, आणि मध्ये मध्ये नुसतीच, ही सूरपेटी वाजते.

सूरपेटीचं काम तंबोऱ्याचंच. गाणाऱ्याच्या मागे षड्ज आणि पंचम अखंड धरून ठेवायचे. चेन्नईत ही गरज मुंबई-पुण्यापेक्षा काकणभर जास्तच जाणवते. डिसेंबरात मार्गळीचा संगीतमहोत्सव सुरू झाला की मैलापूरमध्ये दर दुसऱ्या घरातून श्रुतीचा आवाज येत असतो. तिथली पारंपरिक श्रुतिपेट्टी भाता आणि पितळी पट्ट्या असलेली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणण्याचं श्रेय बंगळुरूचे अभियंते जी. राज नारायण यांना दिलं जातं, ते साल १९७९. पण विकतची पेटी तेव्हा आम्हाला परवडणारी नव्हती, आणि बाबांना रिची स्ट्रीट जवळ होती.

रिची स्ट्रीट म्हणजे चेन्नईचा लॅमिंग्टन रोड. पुणेकरांनी तपकीर गल्ली डोळ्यांपुढे आणावी. माउंट रोडच्या, म्हणजे आजच्या अण्णा सालईच्या, मागे चिंताद्रिपेटला लागून असलेल्या या अरुंद रस्त्यात आणि त्याला फुटलेल्या नरसिंगपुरम स्ट्रीटसारख्या गल्ल्यांत दुकानं एकाला एक चिकटलेली. गिऱ्हाइकाने भागाचा नंबर बोलायचा आणि दुकानदाराने मागच्या कप्प्यातून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. हरवलेलं सर्किट शोधताना हा बाजार फार उपयोगाचा ठरतो, कारण छंद म्हणून जोडकाम करणाऱ्याला त्या काळी मिळणाऱ्या भागांची यादी छोटी होती. ५५५ नावाची टायमर आयसी, ७४ या आकड्याने सुरू होणाऱ्या डिजिटल आयसी, पाच व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८०५, आणि आवाजासाठी धातूची टोपी घातलेला एसएल१०० हा आपल्याकडचा लाडका ट्रान्झिस्टर. जगात शेकडो प्रकारे सूरपेटी बनवता आली असती, पण रिची स्ट्रीटवर मिळेल त्यातून आणि एका नोकरदाराच्या खिशातून बनवायची म्हटली की पर्याय हाताच्या बोटांवर येतात. मग त्यांतला नेमका कोणता, एवढंच कॅसेटला विचारायचं राहतं.

आधी सुरांचा हिशेब सांगितला पाहिजे. आई काळी चारमध्ये गाते. शेजारच्या मामी याच सुराला साडेपाच कट्टै म्हणायच्या. हार्मोनियमच्या हिशेबाने त्याची कंपनं सेकंदाला २०७.६५, म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. पंचम षड्जाच्या बरोबर दीडपट हवा, म्हणजे ३११.४८. तार षड्ज दुप्पट, ४१५.३०. हे दीडपट अगदी नेमकं असावं लागतं, आणि त्याचं कारण कानाला ऐकू येतं. कोणताही वाजणारा सूर एकटा नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक उपस्वर त्याच्यासोबत असतात. षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा उपस्वर दोन्ही ६२२.९५वर येतात. ते तंतोतंत जुळले तर दोन सूर मिळून एक होतात. जरा जरी सरकले तर आवाज हेलकावू लागतो, आणि दोहोंतल्या फरकाइतके हेलकावे दर सेकंदाला येतात.

बाजारातल्या हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा पंचम दीडपटीहून किंचित उतरलेला असतो, ३११.१३. त्याचा दुसरा उपस्वर ६२२.२५वर पडतो. फरक ०.७, म्हणजे साधारण दीड सेकंदाला एक संथ हेलकावा. पट्टी नीट लावलेली असेल तर हा हेलकावा शांत खोलीत ऐकू येतो. ज्यांनी तो एकदा ऐकला त्यांना हार्मोनियमविरुद्धचा जुना राग समजतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. मोजणीसाठी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाच्या गळ्याची साथ होती, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या मुलकी सेवेतल्या अधिकाऱ्यासोबत त्यातून श्रुतींची वेगळी हार्मोनियमही घडवून घेतली गेली. १९४०मध्ये तर ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली, आणि ती तीस वर्षांच्या आसपास टिकली. साथीच्या वाद्याचे आकडे कुठे आणि कसे पडतात यावरून आपल्याकडे इतकी भांडणं झाली, ती उगाच नव्हेत.

आता सर्किट. षड्ज, पंचम, तार षड्ज असे तीन सूर हवे असतील तर दोन वाटा आहेत. पहिली, तीन स्वतंत्र ऑसिलेटर करायचे आणि तीन गुंड्या फिरवून जुळवायचे. यात अडचण अशी की प्रत्येक ऑसिलेटर उष्म्याने आपापल्या चालीने सरकतो आणि गाताना दर थोड्या वेळाने पंचम हलतो. दुसरी वाट हुशारीची. एकच ऑसिलेटर उंच सुराचा करायचा आणि त्याची कंपनं पूर्ण संख्यांनी भागायची. मूळ आवर्तन १२४५.९ हर्ट्झ घेतलं आणि त्याला सहाने भागलं तर षड्ज, चाराने भागलं तर पंचम, तिनाने भागलं तर तार षड्ज. सहा आणि चार यांचं प्रमाण दीड, सहा आणि तीन यांचं दोन. मूळ ऑसिलेटर कितीही सरकला तरी ही प्रमाणं ढळत नाहीत, कारण मोजणी करणारी आयसी फक्त एक, दोन, तीन मोजते, तिला सुराची जाणच नसते.

आमची पेटी कोणत्या वाटेची होती? कॅसेटच्या पहिल्याच मिनिटात उत्तर आहे. आई हार्मोनियमवर काळी चार दाबून धरते. सूरपेटी सुरू होते ती गुंडीच्या अगदी खालच्या टोकावर. मग बाबा गुंडी फिरवतात, सूर वर चढतो, काळी चारच्या पुढे जातो, अगदी टोकापर्यंत जातो, आणि आई म्हणते, “अहो, केवढा वर! खाली घ्या.” सूर परत खाली येतो, हेलकावे आधी भरभर, मग सावकाश, मग थांबतात. “बास, हाच.” या सगळ्या चढउतारात तिन्ही सूर एकमेकांना धरून वर जातात आणि एकमेकांना धरून खाली येतात. पंचम कुठेही मागे राहत नाही. एक गुंडी, एक ऑसिलेटर, बाकी भागाकार.

पुढचा प्रश्न भागाकाराचा. सहा-चार-तीन ही एक शक्यता. मूळ ऑसिलेटर दुप्पट उंच ठेवून बारा-आठ-सहा अशीही मांडणी होऊ शकते. कानाला दोन्हींचे सूर तेच. पण त्यांच्या उपस्वरांत फरक पडतो, आणि तो बघायला फूरिये या फ्रेंच गणितज्ञाची दोनशे वर्षांपूर्वीची युक्ती लागते. कोणतीही पुन्हापुन्हा येणारी लहर साध्या लहरींच्या बेरजेत मोडता येते. आज हे काम ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर क्षणात करतं. ध्वनिमुद्रणातला फक्त पेटीचा तुकडा निवडायचा, आणि कोणत्या कंपनाला किती जोर आहे याचा आलेख समोर येतो. तुकडा जितका लांब तितकी मोजणी बारीक. दहा सेकंदांचा तुकडा असेल तर एक दशांश हर्ट्झपर्यंतचा फरक दिसू शकतो.

डिजिटल आयसी गुळगुळीत लहर देत नाही. तिचं टोक एक तर वर असतं नाही तर खाली. वर असण्याचा काळ आणि खाली असण्याचा काळ सारखा असेल, तर त्या चौकोनी लहरीत फक्त विषम उपस्वर येतात: पहिला, तिसरा, पाचवा. दुसरा, चौथा, सहावा शून्य. पण लहर एक तृतीयांश काळ वर आणि दोन तृतीयांश काळ खाली असेल तर दुसरा उपस्वर येतो, चौथा येतो, आणि तिसरा, सहावा, नववा गायब होतात.

या नियमाने आलेखाकडे पाहिलं. ८३०.६ हर्ट्झवर ठळक रेघ होती. हे कंपन षड्जाच्या चौपट आहे, पण षड्ज चौकोनी असेल तर त्याचा चौथा उपस्वर नसतो. पंचमाच्या कोणत्याही पटीत ते बसत नाही. म्हणजे ही रेघ तार षड्जाच्या दुसऱ्या उपस्वराची, आणि तार षड्ज समसमान चौकोनी नव्हता. मग १२४६वर पाहिलं. तिथे तार षड्जाचा तिसरा, पंचमाचा चौथा आणि षड्जाचा सहावा उपस्वर पडायला हवेत. तिथे टेपच्या खरखरीपलीकडे काहीच नव्हतं. तीन सुरांपैकी एकही त्या जागी बोलत नव्हता. तार षड्ज एक तृतीयांश काळ वर राहणारा होता, बाकीचे दोघे समसमान. तिनाने भागलेली लहर अशी असते, म्हणजे मांडणी सहा-चार-तीनची. गंमत अशी की १२४६ हे मूळ ऑसिलेटरचंच आवर्तन. ज्याच्यातून सगळे सूर निघाले, त्याच्याच जागी आलेखात खड्डा.

आणि रिची स्ट्रीटवरची कोणती आयसी असं वागते? ७४९२. तिच्यात भागाकाराचा एक विभाग असा आहे की त्याच्या एका पायावर तिनाने भागलेली लहर मिळते, ती एक तृतीयांश वर, आणि पुढच्या पायावर सहाने भागलेली, ती नेमकी समसमान. षड्ज आणि तार षड्ज दोन्ही एकाच आयसीत. पंचमासाठी दोन फ्लिप-फ्लॉप, म्हणजे कंपनं निम्मी करणारे घटक, असलेली ७४७४ घेतली की दोनदा निम्मं होऊन चाराने भागाकार होतो, तोही समसमान. दोन आयसींत तीन सूर. बाबांच्या हाताला हीच काटकसर होती. ७४९२ हा आकडा आलेखाने सुचवला तेव्हा मला आठवलं की त्या पेटीच्या बोर्डावर दोन काळ्या चौदा पायांच्या आयसी शेजारी शेजारी होत्या आणि आठ पायांची एक छोटी बाजूला. आधी आठवत नव्हतं. पुरावा समोर आला की आठवणीला धरायला काहीतरी मिळतं, मात्र क्रम तोच ठेवावा: आधी मोजणी, मग आठवण. उलटा क्रम ठेवला तर माणूस आलेखात आपल्याला हवं तेच वाचू लागतो.

तिसरा उपस्वर गायब होण्याचा हा नियम इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीचा आहे. ताणलेली तार तिच्या एक तृतीयांश लांबीवर छेडली तर तिचा तिसरा उपस्वर निघत नाही, हे थॉमस यंग यांच्या नावाने ओळखलं जातं. ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो, त्या बिंदूवर छेडून तो उठत नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात असताना १९२१मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांच्या लक्षात आलं की वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत. नको त्या बिंदूवर छेडलं तरी सगळे उपस्वर हजर! कारण घोडी. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाई दिलेली असते आणि तारेखाली जवारीचा दोरा असतो. कंप पावताना तार घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा शिवते, आणि प्रत्येक स्पर्श नवे उपस्वर उठवतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हाताने घासून ही गोलाई आणतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

म्हणजे ७४९२ आणि ७४७४ यांची पेटी नियमाने चालणारी, तंबोरा नियम मोडणारा. आमच्या पेटीत तंबोऱ्याचा झणत्कार येणं शक्यच नव्हतं, कितीही कंडेन्सर बदलले तरी. तिच्याकडे एकच गोष्ट होती, नेमका पंचम, आणि गाणाऱ्याला रियाजात ती पुरते.

आता खरे आकडे. प्रमाणं कळली, पण पेटीचा षड्ज खरोखर किती हर्ट्झचा होता हे कॅसेट थेट सांगत नाही. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायची असते, आणि घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये ती दोन-तीन टक्के इकडे तिकडे सहज होते. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतचं अंतर सहा टक्क्यांचं, म्हणजे तीन टक्के चूक झाली तर सूर अर्ध्या वाटेवर सरकतो. सुरांचं आपसातलं प्रमाण मात्र यात बिघडत नाही, कारण सगळेच सारखे सरकतात.

यावर इलाज मावशीकडे होता. आईची ती हार्मोनियम लग्नाआधीची, कॅसेटनंतर ती हार्मोनियम सांगलीला मावशीकडे गेली आणि म्हणून पुरातून वाचली. तिची काळी चार आज वाजवून मोजली आणि कॅसेटमधल्या काळी चारशी ताडून पाहिली. पितळी पट्टी इतक्या वर्षांत फार सरकत नाही. दोहोंतल्या फरकावरून फितीचा वेग कळला आणि सगळं ध्वनिमुद्रण त्या मानाने दुरुस्त करता आलं.

त्या दुरुस्तीतून आणखी एक गोष्ट उजेडात आली. पेटीच्या आवाजाखाली एक बारीक गुणगुण आहे. वीज भिंतीतून घेतली, ट्रान्सफॉर्मरने उतरवली आणि डायोडने एका दिशेची केली की तिच्यात मूळ वारंवारितेच्या दुप्पट गुणगुण उरते, मग डायोड चार असोत की मधला टॅप घेऊन दोन. पन्नासची दुप्पट शंभर. एकाच डायोडवर भागवलं असतं तर पन्नासचीच राहिली असती. म्हणजे पेटी बॅटरीवर नव्हती आणि बाबांनी डायोडमध्ये कंजुषी केली नव्हती. पण दुरुस्त केलेल्या ध्वनिमुद्रणात ही गुणगुण शंभरवर नाही. ती सत्त्याण्णवच्या जवळ आहे. आधी मला वाटलं वेगाची दुरुस्ती फसली. पण ती फसली नव्हती. त्या काळी दक्षिणेच्या वीजजाळ्यात मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असे, आणि जनित्रांवर भार वाढला की त्यांचा फिरण्याचा वेग उतरतो, त्याबरोबर वारंवारिताही. संध्याकाळच्या वेळी ती ४९च्या खाली असणं नवलाचं नव्हतं. १ जानेवारी २००३पासून दक्षिण विभागात उपलब्धतेवर आधारलेली दरपद्धत आली. वारंवारिता कमी असताना कबुलीपेक्षा जास्त वीज ओढली तर महाग पडू लागलं, आणि जाळं पन्नासच्या जवळ स्थिरावलं. त्या कॅसेटमध्ये आईच्या गाण्याखाली १९९०च्या मद्रासच्या विजेची तूट नोंदली गेली आहे.

मूळ ऑसिलेटर ५५५चाच असणार, याबद्दल मला शंका नाही. ही आयसी १९७२मध्ये बाजारात आली आणि छंदिष्टांच्या डब्यात ती कायमची राहिली. तिची वारंवारिता दोन रेझिस्टर आणि एक कंडेन्सर ठरवतात. १.४४ला पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट या बेरजेने भागायचं, मग कंडेन्सरने. गुंडीचा बदलता रेझिस्टर दुसऱ्याच्या जोडीला असतो. ‘केवढा वर!’ या प्रसंगाने इथे मोठी मदत केली. बाबांनी गुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली होती, म्हणून सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर दोन्ही मिळाले. त्यांचं प्रमाण सुमारे १.१९. या प्रमाणात कंडेन्सर उडून जातो, फक्त रेझिस्टर राहतात. गुंडी दहा किलोओहमची धरली, जी सर्रास मिळते, तर बाकीच्यांची बेरीज १०५ किलोओहमच्या आसपास हवी. पहिला १०चा आणि दुसरा ४७चा घेतला की १० अधिक दुप्पट ४७ म्हणजे १०४. दोन्ही बाजारातले रोजचे आकडे. मग सूत्रात बसवलं तर कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरडचा येतो, ज्याच्या अंगावर १०३ छापलेलं असतं.

इतकं चपखल बसलं म्हणून ते खरं ठरत नाही, हेही सांगायला हवं. बावीस किलोओहमची गुंडी घेऊन, ३३ आणि १००चे रेझिस्टर लावून, कंडेन्सर निम्म्याहून लहान केला तरी गुंडीचा आवाका जवळपास तेवढाच येतो. ५५५ची लहर थेट स्पीकरला जात नाही, ती आधी भागली जाते, त्यामुळे तिच्या आतल्या आकड्यांचा कोणताही ठसा आवाजात उतरत नाही. एकाच आवाजाची अनेक सर्किटं असू शकतात. आवाज रचना सांगतो, प्रमाणं सांगतो, प्रत्येक भागाची किंमत सांगत नाही. तिथे बाजाराचा आणि माणसाच्या सवयीचा आधार घ्यावा लागतो.

कंडेन्सरच्या जातीबद्दल मात्र आईचं एक वाक्य कामी आलं. ती म्हणते, मे महिन्यात पेटीचा सूर चढायचा आणि गुंडी रोज खाली आणावी लागायची. स्वस्त चकतीच्या सिरॅमिक कंडेन्सरची क्षमता तापल्यावर कमी होते, आणि क्षमता घटली की वारंवारिता वाढते. कार्बनचे रेझिस्टरही तापल्यावर किंचित घटतात, म्हणजे तेही सूर वरच ढकलतात. पॉलिस्टर कंडेन्सरची चाल उलटी असते, आणि रेझिस्टरचा परिणाम त्याने बराचसा फिटला असता, मे महिन्यात एवढी तक्रार राहिली नसती. तेव्हा ती चकतीच. चेन्नईचा उन्हाळा आणि गाणाऱ्या बाईचा कान, या दोहोंनी मिळून एका कंडेन्सरची ओळख पटवली. आज कोणी नव्याने बनवणार असेल तर त्याने चकती घेऊ नये. पॉलिस्टर घ्यावा.

चौकोनी लहर उघडी वाजवली तर कानाला टोचते, म्हणून पुढे एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर लावून वरचे उपस्वर दाबतात. आलेखात उपस्वर जितके कमी व्हायला हवेत त्याहून जास्त वेगाने कमी होत होते, म्हणजे अशी गाळणी होती हे नक्की. पण गाळणी, छोटा स्पीकर, मावशीला पाठवायच्या कॅसेटसाठी वापरलेला टेपरेकॉर्डरचा माइक, या सगळ्यांचा परिणाम एकात एक मिसळला आहे. माइक आणि टेपचा वाटा हार्मोनियमवरून बराचसा वेगळा काढता आला, कारण तिचा कॅसेटमधला आवाज आणि आजचा आवाज दोन्ही हाताशी होते. स्पीकर मात्र पेटीबरोबर गेला. इथे कानावरच भिस्त ठेवली.

७४९२ आता रिची स्ट्रीटवर मागितल्याबरोबर मिळत नाही. दुकानं मोबाइलच्या आणि सीसीटीव्हीच्या सामानाने भरली आहेत. एका जुन्या दुकानात मालकाने डब्यातून शोधून दिली. ती न मिळाल्यास ४०१७ घेऊन तिचं मोजणीतलं चौथं टोक (चौथ्या क्रमांकाचा पाय नव्हे) रीसेटला जोडायचं, म्हणजे ती तिनापर्यंतच मोजते आणि तिचं प्रत्येक टोक एक तृतीयांश काळच वर राहतं. पुढे दोन ४०१३ आयसींतले तीन फ्लिप-फ्लॉप वापरून सहा आणि चारचे भागाकार होतात. उपस्वर अगदी तेच येतात, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर भागतं. मायक्रोकंट्रोलरवर हेच काम चार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये होईल. मी तो घेतला नाही, कारण मला बाबांनी सोडवलेलं कोडं त्यांच्याच भागांनी सोडवायचं होतं.

तीन सूर एकत्र करताना प्रत्येकाच्या वाटेत एक रेझिस्टर असतो आणि त्यावरून कोणता सूर किती मोठा हे ठरतं. आलेखावरून मी ते आकडे काढले, पंचम षड्जाइतकाच ठेवला आणि आईला ऐकवलं. तिने दोन मिनिटं षड्ज लावून पाहिला. म्हणाली, “पंचम जरा मागे हवा. त्यांनी तो माझ्यासाठी मागे ठेवला होता, मला पुढे आलेला चालत नाही.” पंचमाचा रेझिस्टर २२ किलोओहमचा होता, तो ३३चा केला. मग पुन्हा आलेख पाहिला तर तिचं बरोबर होतं. कॅसेटच्या त्या तुकड्यात हार्मोनियमचा पंचम मागे रेंगाळत होता आणि माझ्या मोजणीत तो पेटीच्या पंचमात मिसळला होता.

घरात अशा कॅसेट असतील तर त्या आताच संगणकावर उतरवून घ्याव्यात. लावण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. कॅसेटमधल्या फीत दाबून धरणाऱ्या छोट्या पट्टीवरचा लोकरी तुकडा निखळला असेल तर दोन्ही चकत्या स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवाव्यात. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावं. एमपीथ्री मोठ्या आवाजाखाली दडलेले बारीक आवाज टाकून देते, आणि कामाचे तेच असतात. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर चालवू नये. ते सगळ्यात आधी गुणगुण पुसतं.